माणसाचा पतंग

संक्रांतीच्या सुमारास येवल्याच्या कोणत्याहि धाब्यावर उभें राहिलें, तर खालचें गांव दिसत नाहीं, वरचें दिसतें. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस बाजारपेठ ओस, आणि आजोबांपासून नातवांपर्यंत सारें घर धाब्यावर. हलकडी वाजत असते, कोणाच्या हातीं आसारी, कोणाच्या हातीं मांजा, आणि सर्वांची दृष्टि आकाशांत. वाऱ्याची अशी पिढीजात ओळख असलेल्या या गांवची मंडळी उन्हाळ्याच्या सुटींत मोटार काढून मावळांत जातात, आणि कापडी छत्राला लटकून उडणारीं माणसें पाहून थक्क होतात. वास्तविक जें पाहून ते थक्क होतात, त्यांतलें निम्में ते घरूनच शिकून आलेले असतात. उरलेलें निम्में मात्र त्यांना ठाऊक नसतें, आणि जीव जातो तो त्या उरलेल्या निम्म्यांत.

येवल्याहून कामशेतला जाण्याचा रस्ता पहांटेच धरावा. कोपरगांवास गोदावरी, संगमनेरास प्रवरा, चंदनापुरीच्या घाटानंतर घारगांवास मुळा, पुढें कुकडी, मीना व घोड, राजगुरुनगरास भीमा, आणि चाकणहून तळेगांवाकडे वळल्यावर इंद्रायणी, अशा आठ नद्या एका प्रवासांत ओलांडाव्या लागतात. धरणाचें पाणी सोडलेलें नसेल, तर वैशाखांत यांपैकीं बहुतेकींच्या पात्रांत वाळू आणि गोटेच दिसतात. नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील रेडिओ-लहरी टिपणाऱ्या प्रचंड तबकड्या आहेत. एकेकीचा व्यास पंचेचाळीस मीटर, आणि अशा एकूण तीस तबकड्या. सवड असेल त्यानें तेथून जुन्नरकडे वळून शिवनेरी पाहावा. पण ज्याला उडावयाचें असतें त्याला सवड नसते. पहांटे चारला निघालेली मोटार सकाळीं दहा-साडेदहाला कामशेतला पोंचते, आणि उतरल्या उतरल्या पोरें विचारतात, 'आतांच उडायचें ना?' उडण्यास याहून वाईट वेळ दिवसांत सांपडणें कठीण. कां, तें समजण्यासाठीं आधीं यंत्र समजलें पाहिजे.

कामशेतचें नांव झालें तें मुख्यतः डोंगरावरून, बिनइंजिनाचें उडण्यासाठीं. पश्चिमेचा वारा डोंगराच्या उतारावर आदळून वर वळतो, आणि त्या वर वळलेल्या वाऱ्यावर उडणारा तरंगतो. याच छत्राला इंजिनाची जोड दिली म्हणजे पॅरामोटर होते. उडणारा पाठीवर एक लहानसें इंजिन बांधतो. तें बहुधा दोन-ठोकी असतें, पंधरा ते तीस अश्वशक्तीचें, आणि जुन्या स्कूटरींत घालीत तसें तेल मिसळलेलें पेट्रोल त्यास लागतें. तासास तीन ते पांच लिटर पेट्रोल पुरे होतें. इंजिनाच्या मागें सव्वा मीटरभर लांबीचा पंखा, आणि त्याभोंवतीं हात किंवा दोरी पात्यांत जाऊं नये म्हणून जाळीचें कडें. हा सारा बोजा वीस ते पस्तीस किलो भरतो. डोक्यावर वीस-पंचवीस चौरस मीटर कापडाचें छत्र. वर चढण्यास डोंगर लागत नाहीं. सपाट माळ आणि समोरून येणारा मंद वारा एवढें मिळालें कीं दहा-वीस पावलें धांवून माणूस जमीन सोडतो.

या छत्राचें कापड येवल्याच्या विणकरानें हातीं घेऊन पाहावें असें आहे. तें नायलॉनचें असून दिसावयास पातळ असतें, परंतु उजेडासमोर धरलें कीं त्यांत बारीक चौकटी दिसतात. ताण्यांत व बाण्यांत ठराविक अंतरानें जाड धागा घातलेला असतो. कापड कोठें फाटलेंच, तर फाट त्या जाड धाग्यापाशीं येऊन थांबते. वर एक लेप दिलेला असतो, त्यामुळें हवा आरपार जात नाहीं. छत्र दुहेरी असतें: वरचा पडदा, खालचा पडदा, आणि मध्यें उभ्या पडद्या घालून केलेले अनेक कप्पे. कप्प्यांचीं तोंडें पुढच्या कडेला उघडीं असतात. धांवतांना त्यांत वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि लुळें कापड विमानाच्या पंखासारखा आकार घेतें. त्यांत काठी नाहीं, कमान नाहीं. वाराच त्याचा सांगाडा. वारा कप्प्यांतून गेला कीं सांगाडाहि गेला, हें आतांपासूनच लक्षांत ठेवावें.

आतां येवल्याचा पतंग आणि हा पतंग यांतील फरक. पतंग उडतो कारण वारा त्याला ढकलीत असतो आणि दोरी त्याला धरून ठेवते. कन्नी अशी बांधलेली असते कीं पतंग वाऱ्याला तिरपा राहतो, आणि त्या तिरपेपणामुळें कांहीं ढकल वरच्या दिशेस मिळते. वारा पडला म्हणजे मुलगा दोरी धरून धांवतो व पतंग चढतो. म्हणजे वारा नव्हता तो मुलानें धांवून निर्माण केला. दोरी कापली कीं पतंग वाऱ्याबरोबर वाहूं लागतो, त्याला वारा लागेनासा होतो आणि तो गोते खात खालीं येतो. बिनइंजिनाच्या छत्राला जमिनीशीं बांधणारी दोरीच नसते. तरी तें गोते खात नाहीं, कारण खालीं लटकणाऱ्या माणसाचें वजन धांवणाऱ्या मुलाचें काम करतें. छत्र सतत थोडें थोडें खालीं घसरत असतें, आणि त्या घसरण्यानें स्वतःचा वारा स्वतः उत्पन्न करीत असतें. इंजिन बसविलें कीं घसरण्याची गरज उरत नाहीं. पंख्याची ढकल मुलाच्या जागीं येते. म्हणूनच इंजिन आकाशांत बंद पडलें तरी माणूस दगडासारखा पडत नाहीं. मुलगा थकला कीं वजन धांवूं लागतें. एक मीटर खालीं येतांना छत्र सात-आठ मीटर पुढें जातें, आणि उतरण्याजोगी जागा खालीं असेल तर उडणारा सुखरूप उतरतो. दोन्ही हातांतील दोऱ्या ओढल्या कीं वेग मंदावतो, एकच ओढली कीं छत्र त्या बाजूस वळतें. येवल्याच्या मुलाला हें एका सकाळींत कळावें. ढील केव्हां द्यावी आणि खेच केव्हां घ्यावी हें त्याच्या बोटांना आधींच ठाऊक असतें.

हा मेळ केवळ योगायोगाचा नाहीं. १८९४ सालीं ऑस्ट्रेलियांत लॉरेन्स हारग्रेव्ह यानें पेटीच्या आकाराचे चार पतंग एकाखालीं एक बांधून स्वतःला जमिनीपासून सुमारें सोळा फूट उचलून घेतलें होतें. आजच्या छत्राचे कप्पे ज्यानें योजिले, तो अमेरिकेंतील डोमिना जाल्बर्ट हाहि पतंग बनविणाराच. त्याची ही रचना १९६४ सालची. १९७८ सालीं फ्रान्समध्यें मिएसी या गांवीं तिघां छत्रीधारकांनीं विमानाऐवजीं डोंगरावरूनच धांवत जाऊन उडी घेतली आणि या छंदास आरंभ झाला. त्यानंतरच्या दशकांत पाठीवर इंजिन आलें.

एवढें ध्यानांत घेऊन सकाळच्या साडेदहाकडे परत यावें. येवल्याच्या माळरानावर चैत्र-वैशाखांत भर दुपारीं वावटळ उठते. पाचोळा, कागद, धूळ गरगरत वर जातात. वावटळ ही तापलेल्या जमिनीवरून वर सुटलेल्या हवेची दिसणारी खूण. न दिसणाऱ्या अशा किती तरी हवेच्या थापा त्याच वेळीं इकडे तिकडे वर चढत असतात, आणि त्यांच्या कडेनें थंड हवा खालीं येत असते. नांगरलेलें काळें रान लवकर तापतें, उसाचा मळा उशिरां; त्यामुळें एका बांधावर वर ढकलणारी हवा, तर दुसऱ्या बांधावर खालीं दाबणारी. निष्णात उडणारा अशाच चढत्या हवेवर घिरट्या घेत घारीप्रमाणें उंच जातो. नवख्यास मात्र ती घातक. छत्राच्या एका बाजूस वरून हवेचा दाब आला कीं त्या बाजूचे कप्पे रिते होतात आणि पंख मिटतो. उंचावर असेल तर तो पुन्हां उघडण्यास वेळ मिळतो, किंवा राखीव छत्री उघडतां येते. जमिनीजवळ वेळहि नाहीं आणि राखीव छत्री उघडण्याइतकी उंचीहि नाहीं.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या वेगाची. छत्राचा स्वतःचा वेग ताशीं चाळीस किलोमीटरांच्या आसपास असतो. समोरून चाळीसचा वारा असेल तर उडणारा जागच्या जागीं लटकतो, थेट पतंगासारखा. पन्नासचा असेल तर तोंड पुढें ठेवून मागें जातो. जमिनीवर झुळूक वाटणारा वारा वर गेल्यावर पुष्कळ वाढलेला असतो. म्हणून शहाणे उडणारे सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचा तेवढाच वेळ पसंत करतात. दोनशें कोस कोणी आलेला असो, पैसे आगाऊ भरलेले असोत, 'आतां नाहीं, पांचनंतर' असें सांगणारा शिक्षक भेटला तर आपण योग्य माणसाकडे आलों असें समजावें. 'कांहीं होत नाहीं, बसा' म्हणणाऱ्यापासून पोराबाळांसह परत फिरावें. येथें घासाघीस भाड्याची करावी, वेळेची नव्हे.

मधली दुपार कशी घालवावी, हा प्रश्न मावळांत पडूं नये. कामशेतजवळच बेडसें येथें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलीं लेणीं आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण वर पोंचल्यावर दगडाचा गारवा आणि खांबांवरील घोडे-हत्तींचे स्वार पाहतांना श्रम विसरतात. डब्यांतली भाकरी आणि वाटेंत घेतलेले आंबे तेथून खालीं उतरून झाडाच्या सावलींत संपवावे. पवना धरणाच्या कांठीं होडीहि मिळते. मात्र जीवरक्षक जाकीट अंगांत घातल्यावांचून होडींत पाय ठेवूं नये. याच पाण्यावरून उडण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि वरून तें दिसतेंहि सुरेख. परंतु पाठीवर पंचवीस-तीस किलोंचें इंजिन पट्ट्यांनीं आवळलेलें, वरून दोऱ्यांचें जाळें अंगावर पडलेलें, अशा स्थितींत पाण्यांत उतरलेला माणूस उत्तम पोहणारा असला तरी खालीं ओढला जातो. या छंदांत पाण्यानें घेतलेले बळी थोडे नाहींत. इंजिन बंद पडल्यास घसरत कोरड्या जमिनीवर येतां येईल, एवढ्याच अंतरावर पाण्याच्या कडेनें उडावें.

येथें येवलेकराच्या मनांत एक शंका हटकून येते. इंजिन लागल्यावर डोंगर नको, मग कांदा काढून मोकळ्या झालेल्या घरच्या रानांतूनच कां उडूं नये? शंका रास्त आहे. तिचें पहिलें उत्तर असें कीं २०१७ पासून कोपरगांव तालुक्यांत काकडी येथें शिर्डीचा विमानतळ चालू आहे, आणि ज्या आकाशांतून प्रवासी विमानें उतरतात तेथें परवानगीवांचून कोणी शिरूं नये. दुसरें, शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा. वरून त्या दिसत नाहींत, खांबच दिसतात. तिसरें, ममदापूर-राजापूरकडील काळवीट. तें रान त्यांच्यासाठीं राखलेलें आहे, आणि डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या इंजिनानें भर उन्हांत कळप उधळला, तर विणीच्या माद्या आणि पाडसें यांची काय गत होईल हें सांगावयास नको. चौथें उत्तर खास येवल्याचें. संक्रांतीच्या दिवसांत, आणि पुढेंहि कांहीं काळ, या आकाशांत मांजा असतो. छत्राच्या दोऱ्या मोठा भार पेलणाऱ्या असल्या तरी बारीक असतात, आणि ताणलेल्या दोरीस काचेची पूड लावलेला धागा काय करतो हें येवल्यांत कोणास शिकवावें लागत नाहीं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली, ती पक्ष्यांच्या व रस्त्यानें जाणाऱ्यांच्या चिरलेल्या गळ्यांमुळें. तो झाडांवर, तारांवर महिनोन्‌महिने लोंबत राहतो, कुजत नाहीं. पंख्याच्या पात्यांत गुंतला तर इंजिन अडखळतें, आणि तेंहि जमिनीजवळ, चढत असतांना.

शिवाय शिक्षक पाहिजे. वारा ओळखणें निराळें आणि वाऱ्यांत स्वतः लटकणें निराळें. धाब्यावरचा माणूस चुकला तर पतंग जातो. नवख्यानें प्रथम शिक्षकाबरोबर दोघांच्या छत्रांत बसावें. त्यांत पाहुणा पुढें, शिक्षक मागें. दोघांचें वजन पायांनीं धांवून उचलणें जड, म्हणून पुष्कळ ठिकाणीं तीन चाकांची हलकी गाडी जोडलेली असते. शिरस्त्राण, घोट्यांना आधार देणारे बूट, आणि खिशांतून खालीं पडेल असें कांहीं नाहीं, एवढी तयारी आपली. मोबाइलहि खिशांत नको. तो निसटून मागच्या पंख्यांत गेला, तर पात्याचे तुकडे उडतात.

पांच वाजून गेले, ऊन उतरलें, माळावरचा वाऱ्याचा कापडी मोजा झोके घेण्याचा थांबून एका दिशेस स्थिर झाला, कीं मग निघावें. इंजिनाचा आवाज प्रथम कानठळ्या बसवितो. चढ पुरा झाल्यावर शिक्षक तो कमी करतो, आणि खालीं भाताचीं मोकळीं खाचरें, आगगाडीचा रूळ व इंद्रायणीचें वळण हळूहळू सरकूं लागतें. पंधरा-वीस मिनिटांत उतरणें होतें. जमीन जवळ येतांच शिक्षक दोन्ही दोऱ्या खालपर्यंत ओढतो, छत्र क्षणभर थबकतें आणि चाकें टेंकतात.

परततांना संगमनेराहून अकोल्यास वळून भंडारदऱ्याची एक रात्र करणारे पुष्कळ असतात. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधीं, तेथील झाडें काजव्यांनीं लुकलुकतात. विजेऱ्या विझवून, गाडीचे दिवे बंद करून पाहिलें तरच तें दिसतें. आणि काजवे आपसांत खुणा करतात त्या याच उजेडानें, म्हणून विजेऱ्या विझविणें त्यांच्याहि हिताचें.

त्यापूर्वीं कामशेतच्या माळावर एक दृश्य पाहण्यासारखें असतें. सर्व उतरल्यावर छत्र गवतावर पसरून, काडीकचरा झटकून, कप्प्यावर कप्पा ठेवीत घड्या घालतात. उन्हांत तें पसरून ठेवीत नाहींत, कारण उन्हानें नायलॉनचा धागा मरतो. ओलें ठेवीत नाहींत, कारण लेप सुटतो. आणि दर वेळीं घडी मागच्याच मोडीवर पडूं देत नाहींत. येवल्याच्या बायका हें पाहून आपसांत हंसतात. पैठणी मलमलींत गुंडाळून ठेवतांना, जर मोडूं नये म्हणून, त्याहि घडी अशीच बदलीत असतात.