वस्तीचा विकास आराखडा आणि आपला सहभाग

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघाचा मुद्दाम उल्लेख केला होता. ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती असावी, मते कशी मोजावीत, याविषयीचे आधुनिक संसदेचे नियम संघ पूर्वीच पाळत होता, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. मत घेण्यासाठी संघात शलाका, म्हणजे लाकडी कांड्या वापरीत. साधन साधेच. आज वस्तीतला रस्ता कोठून जावा, शौचालय कोठे बांधावे, याविषयी रहिवाशांचे मत संगणकावर व मोबाइलवर घेण्याची पद्धत अनेक शहरांत आली आहे. तिची माहिती समाजबांधवांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पद्धत अवघड नाही. पडद्यावर आपल्या विभागाचा नकाशा उघडतो. ज्या जागेविषयी सांगायचे तेथे बोट ठेवून खूण करायची, दोन ओळी लिहायच्या, हवे तर छायाचित्र जोडायचे. शेजाऱ्याने केलेली सूचना आपल्याला दिसते, तिला पाठिंबा देता येतो किंवा विरोध नोंदवता येतो. कार्यालयातील अर्जाच्या गठ्ठ्यात आणि यात फरक एवढाच, की येथे सगळ्यांचे म्हणणे सगळ्यांसमोर राहते.

पण मुळात नकाशावर आपली वस्तीच नसेल तर? केनियाची राजधानी नैरोबी येथे किबेरा नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. लाखो माणसे तेथे राहतात. तरी २००९ पर्यंत नकाशांत ती जागा जवळजवळ कोरी होती. त्या वर्षी वस्तीतीलच तरुण-तरुणींनी हातात जीपीएस यंत्रे घेऊन गल्लीबोळ पालथे घातले. पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा अशी एकेक जागा नोंदवून ती ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या जागतिक नकाशावर चढवली. नंतर कागदी नकाशे छापून वस्तीत चर्चा घडवली. कोरी जागा म्हणजे मोकळी जागा, असे समजून योजना आखणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळाले. आम्हांस या उदाहरणाचे मोल फार वाटते, कारण गावकुसाबाहेर राहिलेल्यांना नोंदीत नसणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

स्पेनमधील बार्सिलोना महापालिकेने २०१६ साली 'डेसिडिम' नावाचे व्यासपीठ सुरू केले. तेथील कॅटलान भाषेत या शब्दाचा अर्थ 'आम्ही ठरवतो' असा होतो. शहराच्या कृती आराखड्यासाठी त्यावर दहा हजारांहून अधिक प्रस्ताव जमले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की महापालिका केवळ संगणकावर विसंबून राहिली नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यांत प्रत्यक्ष सभा झाल्या, आणि तेथील सूचनाही त्याच व्यासपीठावर नोंदवल्या गेल्या.

आपल्याकडे काय? मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळाचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या, की हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ साली आले. म्हणजे हरकतींत बळ असते. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकत ठरलेल्या मुदतीत आणि जाहीर सूचनेत सांगितलेल्या पद्धतीनेच द्यावी लागते. पडद्यावर खूण केली, मोबाइलवर पाठिंब्याचा अंगठा दाखवला, म्हणजे कायदेशीर हरकत झाली असे नव्हे. हा घोटाळा पुष्कळांचा होतो. नकाशावरची खूण हा पुरावा; हरकतीचा अर्ज वेगळाच.

आम्ही स्वतः एका रविवारी वंदनेनंतर विहारात हा प्रयोग करून पाहिला. पडद्यावर वस्ती उघडली, तर विहाराच्या जागी नुसता राखाडी चौकोन! अभ्यासिकेचाही पत्ता नव्हता. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी मोबाइल हाती घेतले, आणि महिला मंडळाच्या भगिनी सांगू लागल्या. पुरुषांच्या तोंडी पहिल्यापासून कमानीचे आणि गाड्या लावण्याचे विषय होते. एक वयस्कर आई म्हणाल्या, "बाळा, आधी शौचालयाकडची वाट लिही. तिथं दिवा नाही, पावसात गुडघाभर पाणी." त्यांना लिहिता-वाचता येत नाही, मोबाइलही नाही. नुसती जोडणी वस्तीत फिरवली असती तर ती वाट नोंदली गेलीच नसती. पहिल्या बैठकीत नळाच्या जागेवरून दोन गल्ल्यांत वादही झाला. तो मिटला नाही. दोन्ही जागा नकाशावर नोंदवून ठेवल्या आहेत.

यावरून आम्ही काही पथ्ये पाळायचे ठरवले. एका घरातून एकाच्याच बोलण्यावर थांबायचे नाही. भाडेकरूंनाही बोलवायचे, कारण रस्तारुंदीत घर गेले तर पहिला फटका त्यांना बसतो. नकाशा उघडा असतो, तेव्हा त्यावर कोणाचे नाव, दूरध्वनी क्रमांक वा घरातील कागदपत्रे टाकायची नाहीत. विहाराच्या जागेचा नगर भूमापन क्रमांक, वीजबिल, जुनी छायाचित्रे मात्र विहाराच्या कपाटात एका फाइलीत ठेवायची. प्रारूप आराखड्याची सूचना निघाली, की त्याच आठवड्यात छापील नकाशा फलकावर लावायचा. प्रस्तावित रस्ता व आरक्षण लाल पेन्सिलीने दाखवायचे. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊनच परत यायचे. सुनावणीचे पत्र आले तर एकट्यादुकट्याने न जाता महिला मंडळाच्या दोघी तरी सोबत असाव्यात. वाटेवरच्या पाण्याचे त्यांच्याइतके नेमके कोणीच सांगू शकत नाही.