काळे पाते, उजळ धार

घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर शिरूर व दौंड तालुक्यांत उसाचे मळे पिकतात. हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांच्या टोळ्या येथे उतरतात. ऊसतोडणी करणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतके त्या हत्याराला महत्त्व! वापरातला कोयता नीट पाहा. पाते काळपट असते, धार तेवढी उजळ. मग पातेही घासून लख्ख का करू नये?

कोयता साध्या कार्बन पोलादाचा असतो. त्यातील लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होतो, पण सगळीच ऑक्साइडे सारखी नसतात. ओलाव्यात चढणारा तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे लोखंड खातच राहतो. काळा थर मात्र दाट आणि धातूला घट्ट चिकटलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट हे काळे ऑक्साइड असते, शिवाय वनस्पतींच्या रसातील टॅनिनाशी लोखंडाचा संयोग होऊन बनलेली काळी संयुगेही असतात. कैरी चिरल्यावर विळीवर पडणारे डाग याच जातीचे. हा थर गंज पूर्णपणे थांबवीत नाही, पण त्याचा वेग कमी करतो.

आता धारेविषयी. धार म्हणजे पात्याचे दोन उतार जेथे मिळतात ती रेघ. ती बोथट झाली की कानस किंवा दगड फक्त त्या उतारावरून, मूळ कोन राखून फिरवावा. सारे पाते आडवे धरून घासले, तर काळा थर जातो, पाते झिजते आणि धार मात्र लागत नाही! फिरत्या चाकावर कडेला निळा रंग आला, तर पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असे समजावे. असे पोलाद नरम पडते व धार टिकत नाही. म्हणून पाते मधूनमधून पाण्यात बुडवावे.

धार लावल्यावर उघडे पडलेले पोलाद सर्वांत आधी गंजते. ते धुऊन, कोरडे पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे.

एक प्रयोग करा. जस्ताचा मुलामा नसलेले दोन खिळे पॉलिश पेपरने घासा. एक खिळा दिवसभर कडक कोऱ्या चहात ठेवा. तो काळा पडेल. मग धुऊन, पुसून दोन्ही खिळे ओल्या कापसावर ठेवा. तांबडा गंज आधी कोणावर दिसतो, आणि किती तासांनी? वहीत नोंद करा.