रात्रपाळी आणि झोपेचे देणे

गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांची घडीच बदलते. कारखाना रात्रंदिवस चालतो, कामगारांच्या आठ-आठ तासांच्या पाळ्या लागतात. कुणाचा मुलगा बॉयलरवर, कुणाचा जावई गव्हाणीवर, तर कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी न्याहारी उरकतो आणि तसाच रानात जातो. दिवसा झोपणे हे आळशाचे लक्षण, अशी आपली समजूत आहे. या समजुतीपायी कधी बोटे, तर कधी जीव गमावण्याची वेळ येते.

रात्रपाळी फक्त कारखान्यातच असते असेही नाही. शेतीपंपाला रात्री वीज मिळणार असेल तर शेतकऱ्याला मध्यरात्री दारे धरायला जावे लागते. ही रात्रपाळीच होय. फक्त तिची हजेरी कुठे लागत नाही.

शरीराचे घड्याळ

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते उजेड-अंधारावर चालते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साधारण पहाटे ३ ते ५ या वेळात अंगातील उष्णता सर्वांत कमी असते आणि डोळे आपोआप मिटू लागतात. त्या वेळी माणूस कितीही कष्टाळू असो, त्याचे लक्ष उडते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी मंदावते. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला माणूस झोपेअभावी झिंगल्यासारखा वागतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

तत्कालीन सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. दिवसपाळीने करायची चाचणी लांबली आणि पुरेशी तयारी नसलेल्या रात्रपाळीवर येऊन पडली. भट्टीच्या रचनेतही मोठे दोष होते. पण अवघड काम अवेळी केल्याने धोका वाढतो, एवढा धडा त्यातून घेता येतो.

घरच्यांनी काय करावे

रात्रपाळीहून आलेल्याला आधी झोपू द्यावे. खोलीत अंधार करावा, रेडिओ-टीव्ही बंद ठेवावा, पोरांना अंगणात खेळायला लावावे. सलग झोप होत नसेल तर सकाळी चार-पाच तास आणि कामाला जाण्यापूर्वी तास-दीड तास, अशी दोन वेळा झोप घ्यावी. रात्री जेवण हलके असावे. चहा पाळीच्या सुरुवातीला प्यावा; शेवटच्या चार-पाच तासांत टाळावा, नाहीतर घरी आल्यावर झोप येत नाही.

झोप झाली नसेल त्या दिवशी कडबाकुट्टी, मळणी यंत्र, औषध फवारणी या कामांना हात लावू नये. ट्रॅक्टर चालवताना डुलकी आली तर गाणी म्हणून किंवा तोंडावर पाणी मारून भागत नाही. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घ्यावी आणि वीस मिनिटे झोपावे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असावाच.

रात्री दारे धरायला शक्यतो दोघांनी जावे. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी हवी. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून शंका आली तरी तडक दवाखाना गाठावा. ओल्या हाताने स्टार्टरला शिवू नये. विहिरीच्या काठावर बसून डुलकी घेऊ नये.

सावकाराचे देणे एक वेळ पुढच्या सुगीवर ढकलता येते. झोपेचे देणे मात्र ज्या त्या दिवशी फेडावे लागते. उद्या सकाळी घरचा माणूस पाळीवरून आला, की कामाची यादी सांगण्याआधी त्याचे अंथरूण घालून ठेवा.