हेमकुंडच्या वाटेवर डोके दुखू लागले तर?

पावसाळ्यात महाराष्ट्रातून बरेच जण उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहायला जातात आणि त्याला जोडून शेजारच्या हेमकुंड सरोवरापर्यंत चढतात. मुक्कामाचे घांगरिया सुमारे 3,050 मीटरवर आहे, तर सरोवर 4,200 मीटरपेक्षा उंचावर. म्हणजे सुमारे सहा किलोमीटरच्या वाटेत एक हजार मीटरहून जास्त चढ. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे आहे. त्यामुळे सह्याद्रीत नेहमी ट्रेक करणाऱ्यांच्या शरीरालाही ही उंची नवीन असते.

त्रास का होतो?

वरच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. तरुण वय किंवा व्यायामाची सवय यांमुळे हा त्रास टळत नाही. खेचरावरून गेल्यास पायांचे श्रम वाचतात, उंची तेवढीच राहते.

लक्षणे ओळखा

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर, खूप थकवा ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात असते. बरेच जण ‘पित्त झालंय’, ‘झोप झाली नाही’ म्हणून दुर्लक्ष करतात. उंचीवर डोके दुखत असेल, तर दुसरे कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे समजा आणि आणखी वर जाऊ नका. विश्रांती घ्या, पाणी प्या. बरे वाटले नाही तर खाली उतरा.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नका, लगेच खाली न्या:

- झोकांड्या जाणे, सरळ रेषेत चालता न येणे
- असंबद्ध बोलणे, गुंगी
- बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, गुलाबी फेस

हे मेंदूला सूज आल्याचे किंवा फुप्फुसात पाणी साचल्याचे लक्षण असते आणि त्याने जीव जाऊ शकतो. ऑक्सिजन मिळाला तर जरूर लावा, पण त्यासाठी उतरणे लांबवू नका. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

निघण्यापूर्वी

- घांगरियाला एक दिवस जास्त राहा. आधी दरी पाहा, सरोवर नंतर.
- मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा.
- हृदयविकार, दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच बेत ठरवा.
- अॅसिटाझोलामाइडची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सगळ्यांचा बेत आपल्यामुळे मोडेल या संकोचाने घरातले ज्येष्ठ अनेकदा त्रास लपवतात. म्हणून निघतानाच सर्वांनी मिळून ठरवा: डोके दुखले तर लगेच सांगायचे, आणि जो परत फिरेल त्याच्यासोबत एक जण खाली येईल. आजारी माणसाला एकटे पाठवू नका.