ठसा, शाई आणि नाताळ

● पहिलं कार्ड : छापील नाताळकार्ड जन्मलं लंडनमध्ये. १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र करून घेतलं. शिळाछापावर काढलेल्या सुमारे १,००० प्रती हाताने रंगवल्या. किंमत एक शिलिंग.

● शाई कोणती? : डाय शाई कागदात मुरते, झटपट वाळते. पिगमेंट शाई वर थर धरून राहते, सावकाश वाळते. गडद कागदावरही उठून दिसते.

● उठावाची नक्षी : पिगमेंट शाईचा ठसा ओला असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरवा. जादा पावडर झटकून डबीत परत भरा. हीट गनची धग लागताच दाणे वितळतात आणि चकचकीत, फुगीर रेघ उमटते. हेअर ड्रायर वापरू नका : धग कमी, वारा जास्त, पावडरच उडून जाते.

● घरचा ठसा : शाळेतले भेंडीचे ठसे आठवतात? आडव्या कापलेल्या भेंडीला लाल शाई लावली की फूल तयार. बटाट्यावर चांदणी कोरा. कापलेल्या भागाचं पाणी आधी फडक्याने टिपा, नाहीतर रंग फिसकटतो. अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरा. कागदावर ती सुलटी उमटतील.