जर बऱ्हाणपूरची, शेरवानी कोलकात्याची

तापीकाठच्या बऱ्हाणपूरला सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए आला, तेव्हा इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, कैरो आणि थेट पोलंडपर्यंत जात होती. काठाला सोन्या-चांदीची जर. पागोटी, कमरपट्टे, शेले याच कापडाचे. पुढे १९०६मध्ये ताप्ती मिल आली आणि त्यानंतर यंत्रमाग. आज गावात माग खडखडतात, पण बहुतेक कोऱ्या कापडासाठी. नवरदेवाच्या पोशाखावर बऱ्हाणपूरचं नाव नसतं.

ते नाव बहुधा ‘मान्यवर’चं असतं. कोलकात्याच्या रवी मोदींनी हा ब्रँड उभारला. २००२मध्ये वेदान्त फॅशन्स ही कंपनी झाली. कंपनीला नाव मुलाचं. शिवणकाम बरंचसं बाहेरच्या कारागिरांकडे, दुकानं बहुतांशी फ्रँचायझीची. ‘मान्यवर’वर हंगामअखेरचा सेल नाही, कारण मुहूर्त गाठायचा असलेला वरपिता सेलची वाट पाहत बसत नाही! फेब्रुवारी २०२२मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, विक्रीचा भाव शेअरमागे ८६६ रुपये. सुमारे ३,१४९ कोटींची ती विक्री पूर्णपणे जुन्या भागधारकांची होती. कंपनीच्या तिजोरीत त्यातलं काहीच आलं नाही.