उतरवण्याआधी

प्रीमियर पद्मिनीचा गिअरबॉक्स उतरवणं हे जाणत्या हाताला अर्ध्या दिवसाचं काम. गाडी खड्ड्यावर घ्यायची, मागच्या चाकांकडे जाणारा प्रपेलर शाफ्ट सोडायचा, स्टिअरिंगजवळून खाली आलेल्या गिअरच्या दांड्या सुट्या करायच्या, स्पीडोमीटरची केबल काढायची आणि जॅकवर तोलून धरत बॉक्स मागे ओढून घ्यायचा. पण एकदा तो खाली आला की ‘बघू तरी काय झालंय’ म्हणायची सोय उरत नाही. उतरवण्याची, खोलण्याची आणि परत चढवण्याची मजुरी तुमच्या नावावर लागलेली असते. ऑइल सील आणि गॅसकेट नवीच घालावी लागतात. त्यामुळे खर्च करायचा की नाही हे ठरवायचं ते बॉक्स गाडीखाली जागच्या जागी असताना. हे मला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी दाखवलं.

गाडी आप्पांची, १९८६ ची. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आप्पा गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण भावाला पुण्यात पार्किंग नाही आणि आई विकू देत नाही. तक्रार दोन प्रकारची होती. दुसरा गिअर टाकताना खरखर व्हायची, आणि उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तोच गिअर आपसूक न्यूट्रलला यायचा. शिवाय खालून एक घूं असा आवाज.

खर्चाचा आकडा विचारला तर मिस्त्रींनी उलट मलाच विचारलं, “ताई, पासिंग कवापर्यंत हाय?”

तेव्हा हा प्रश्न अवांतर वाटला. खरं तर पहिला प्रश्न तोच. आमच्या घरच्या एका जाणकार पाहुण्यांनी ‘पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच’ असा निकाल आधीच देऊन ठेवला होता. पंधरा वर्षांची ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातल्या पेट्रोल गाड्यांपुरती. महाराष्ट्रात खासगी मोटार तपासणीत पास झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी पुढे चालते. मात्र ती स्वस्त राहिलेली नाही. एप्रिल २०२२ पर्यंत नूतनीकरणाला ६०० रुपये पडत, ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. त्यावर पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळवायचा तर गाडीने पन्नाशी गाठलेली हवी, तिथे आमची बसत नाही. वारसाने आलेल्या गाडीचं आणखी एक असतं : आरटीओत फॉर्म ३१ भरून ती आधी आपल्या नावावर व्हायला हवी. कागद अडकलेले असतील तर गिअरबॉक्सवर घातलेला पैसा पाण्यात. आमचे कागद सरळ होते, पासिंग २०२६ पर्यंत. मग मिस्त्री गाडीत बसले.

आधी उभ्या गाडीवर इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरचा पाय काढलेला. घूं आवाज येत होता. क्लच दाबला, आवाज बंद. पुन्हा सोडला, पुन्हा चालू. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते. म्हणजे आवाज इंजिनचा नव्हे, क्लचच्या दाबाच्या बेअरिंगचाही नव्हे, तर बॉक्समधल्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग किंवा खालचा ले-शाफ्ट यांपैकी कुणाचा तरी.

मग आम्ही पन्हाळ्याच्या वाटेला लागलो. या बॉक्समध्ये चौथा गिअर डायरेक्ट असतो : पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट जोडले जातात, ले-शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर ओझं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्यात आवाज जोरात होता, चौथ्यात जवळजवळ नाहीसा झाला. चौथ्यातही तो राहिला असता आणि वेगाबरोबर वाढत गेला असता, तर संशय मागच्या डिफरन्शियलवर गेला असता आणि गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे भलताच डबा उतरवणं ठरलं असतं. वाघबीळच्या उतारावर दुसरा गिअर सुटला तेव्हा मिस्त्रींनी मला दांडा हाताने धरून ठेवायला लावला. धरला तरी सुटत होता, आणि दांडा हाताला झटका देत होता.

परत आल्यावर ते खड्ड्यात उतरले आणि मला वर दांडा हलवायला बसवलं. वर दांडा चांगला बोटभर सरकायचा तेव्हा कुठे खाली लिव्हर जागची हलायची. दांड्यांच्या सांध्यांतले बुश झिजून गेले होते. स्टिअरिंगवरच्या गिअरची निम्मी दुखणी इथलीच असतात, गिअर पूर्ण आतपर्यंत जातच नाही आणि दोष बॉक्सला लागतो. असे बुश उद्यमनगरात कुठल्याही लेथवर करून मिळतात. ते आधी बदलून घेतले. खरखर थोडी कमी झाली, गिअर सुटणं मात्र थांबलं नाही.

मग तेल. गाडी फिरवून गरम असतानाच खालचा बोल्ट काढला. मिस्त्रींनी ट्रेमधलं तेल दोन बोटांत चोळून ट्यूबलाइटखाली धरलं. काळपट तेलात सोनेरी भुकटी चमकत होती. ते पितळ, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या सिंक्रो रिंगची झीज. चुंबकाला लागलं ते राखाडी मेणासारखं, इतक्या वर्षांच्या बॉक्समध्ये ते असणारच. दाताचा तुकडा किंवा चकचकीत कपचा एकही नव्हता. तो निघाला असता तर बॉक्स उतरवण्याऐवजी दुसरा शोधायची बोलणी झाली असती.

तेलाच्या उग्र वासावर मात्र ते बोलले. बऱ्याच ठिकाणी डिफरन्शियलला घालतात तेच नव्वद नंबरचं तेल बॉक्समध्येही ओततात. डिफरन्शियलच्या जीएल-५ तेलात गंधक-फॉस्फरसची भर जास्त असते. पोलादी दातांना ती जपते, पण जुन्या पद्धतीच्या पितळी रिंगांना मानवेलच असं नाही. बॉक्सला जीएल-४ बरं. डब्यावरचा हा एक आकडा कुणी वाचत नाही.

आता ठरवायचं होतं. ‘गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च दुरुस्तीला’ हे गणित मला कधीच पटलेलं नाही. जी विकायचीच नाही तिची बाजारातली किंमत मधे आणायची कशाला? आणि आप्पांची आठवण म्हणून वाटेल तितका पैसा ओतावा, हेही नाही. आठवण दारात उभ्या गाडीचीही राहते. मी बघितलं ते असं : आवाज सोसता येतो, सुटणारा गिअर सोसता येत नाही. खरखरणारा दुसरा डबल क्लच करून टाकता येतो. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, त्यामुळे ती सवय जुन्या ड्रायव्हरांना होतीच. पण घाटात उतरताना गिअर सुटला की इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आईला घेऊन मी त्याच रस्त्यांनी जाणार.

दुसरा बॉक्स आणून बसवणं दिसायला सोपं होतं. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं २००० च्या सुमारास थांबलं, तरी पुढे वर्षानुवर्षं मुंबईच्या टॅक्सींमुळे माल फिरत राहिला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून बॉक्स मिळतात, पण ते टॅक्सीतून उतरलेले, कित्येक लाख किलोमीटर झालेले. “विकतचं दुखणं कशाला घेताय?” मिस्त्री म्हणाले. उद्यमनगरात नवा गिअर कापून, कार्बन चढवून, कडक करून देणारेही आहेत. पण नव्या दाताला जुना जोडीदार दिला की दोघं एकमेकांना खातात. करायची तर जोडी करावी लागते आणि एका गाडीपुरती ती परवडत नाही.

शेवटी बॉक्स उतरवायचा ठरला, पण हद्द आधी बांधून. बेअरिंगं, दुसऱ्याची रिंग, गिअर जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा, सील. ले-शाफ्टचे दात गेलेले निघाले तर पुढे खर्च नाही, बॉक्स तसाच बंद करायचा आणि गाडी उभी करायची. मजुरीसकट पंचवीस हजारांच्या आत. मिस्त्रींना ही भाषा आवडली. ‘काय लागेल ते घाला’ म्हणणारं गिऱ्हाईक बिलाच्या वेळी भांडतं, असा त्यांचा अनुभव.

खोलल्यावर त्यांनी जुनी रिंग गिअरच्या कोनावर दाबून बसवली आणि कडेच्या फटीत फिलर गेजची पात घालून पाहिली. फट नव्हतीच, रिंग पार गिअरला टेकली होती, म्हणजे पकडायला काही उरलं नव्हतं. जुनी स्प्रिंग नव्या शेजारी उभी केली तर डोळ्यांना दिसेल इतकी बुटकी. गिअर सुटण्याचं कारण तिथे होतं. रिंग आणि स्प्रिंगा कुर्ल्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आल्या. अडचण आली ती ले-शाफ्टपाशी : तिसऱ्याच्या दोन दातांवर सुईने टोचल्यागत खड्डे. हद्द नेमकी इथेच होती. मिस्त्रींनी दात पुसून माझ्यापुढे धरला, “नख फिरवा. अडकतंय का?” अडकत नव्हतं. खड्डे वरच्या थराचे होते, कडकपणा फुटून आत गेलेले नव्हते. बेअरिंगं बदलून बॉक्स बंद केला.

दुसरा आता वाघबीळच्या उतारावर जागचा हलत नाही. घूं आवाज तिसऱ्यात अजून येतो, आधीपेक्षा बारीक. बिल ठरल्यापेक्षा थोडं कमी झालं, तर मिस्त्रींनी उरलेले पैसे गाठीला ठेवायला सांगितलं : पासिंगला गिअरबॉक्स कुणी बघत नाही, ब्रेक बघतात, आणि मागचे लायनर त्यांना काही ठीक दिसले नव्हते.